कडेचे तारे

दिवसभर मी लोकांना विचारते,
"ही काच बरी, की ही?"
लक्ष्मी रोडच्या मागे, जिन्याखालच्या काळोख्या खोलीत,
तक्त्यावरच्या शेवटच्या ओळीतला ट
कुणाला ठ दिसतो, कुणाला ढ,
आणि कुणी नुसतंच म्हणतं,
मॅडम, तुम्हीच सांगा.

शनिवारी दुकान आठला बंद.
भावाच्या टेम्पोत, दोन गाद्यांच्या मध्ये
आठ इंची दुर्बीण आडवी निजवून
पानशेत ओलांडायचं, वेल्ह्याच्या अलीकडचा माळ गाठायचा.
ईशान्येला पुणं,
कुणी गॅस बंद करायला विसरल्यासारखं.

कृत्तिका डोक्यावर.
मधल्या सहाजणी नेटक्या.
पण चौकटीच्या कडेकडे जावं तसतसं
एकेका ताऱ्याला शेपूट फुटलेलं,
सगळ्यांना एकदमच
फोटोतून बाहेर पडायची घाई.

कोमा म्हणतात याला.
आरशाचा दोष नाही, स्वभाव आहे.
समोरून आलेला प्रकाश तो एका बिंदूत चोख गोळा करतो,
तिरकं आलेलं त्याला झेपत नाही.
(माझे वडील थोडे असे होते.)

उपाय असतो. चार भिंगांची एक नळी,
माझ्या दोन पगारांची.
तिची अट एकच:
माझ्यापासून पंचावन्न मिलिमीटरवर कॅमेरा ठेव,
चोपन्न नाही, छप्पन्न नाही.
मी व्हर्नियरने तीनदा मोजले, पंचावन्न.
शेपटं होतीच.

अख्खा नोव्हेंबर मी आरशाला बोल लावले.
मागचे स्क्रू पिळले, उलटे पिळले,
लेसरचा लाल ठिपका बरोबर मध्यावर आणून बसवला.
एका रात्री दव इतकं पडलं
की आरसाच पांढरा झाला,
आणि मी टेम्पोच्या फळीवर बसून
डब्यातला पोळीचा लाडू संपवला.

मग डिसेंबरात, एका आजोबांच्या जाड काचा पुसताना
हात थांबला.
फिल्टर.
शहराचा पिवळेपणा गाळायला कॅमेऱ्यापुढे मीच लावलेला,
दोन मिलिमीटर काच.
अशी काच वाटेत आली की प्रकाशाला
तिच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी जास्त वाट लागते.
सगळं मोजलं होतं मी,
मी स्वतः मध्ये ठेवलेलं सोडून.

भोसरीत मुजावरांचं लेथ.
गेल्या वर्षी त्यांचा सिलिंडरचा नंबर मीच काढला होता,
तेव्हापासून मायक्रोमीटरवरच्या रेघा
त्यांना दोन-दोन दिसत नाहीत.
"किती जाड रिंग?"
"पॉइंट सदुसष्ट."
"सेंटिमीटर?"
"मिलिमीटर."
चष्म्यावरून पाहिलं त्यांनी.
"बाई, ही रिंग नाही, हा कागद आहे."
पण पितळ काढलं. मशीनवर चढवलं.
पैसे नको म्हणाले, मग साठ घेतले.

पुढच्या अमावस्येला
तीन कोपऱ्यांतली शेपटं गेली.
चौथ्यात राहिली थोडी, कॅमेरा केसभर कललेला.
माळावर रात्री एक वाजता काय मिळणार?
पर्समधल्या वीजबिलाची पट्टी फाडली,
घडी घालून एका बाजूने सरकवली.
मग चार तास नुसतं शटर उघडायचं, मिटायचं,
आणि लांब कुठेतरी कुत्रं भुंकायचं.

प्रिंट घेऊन भोसरीला गेले.
कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं
मी आयुष्यात पहिल्यांदा पकडलं होतं.
मुजावरांनी ते पाहिलंच नाही.
भिंग डोळ्याला लावून थेट
वरच्या उजव्या कोपऱ्यात गेले,
एका बारीक, बिननावाच्या ताऱ्यावर.
बराच वेळ तिथेच.
"गोल आहे," म्हणाले.
मग खाली, डावीकडे.
"हा जरा अंड्यासारखा."

"तिथे वीजबिल आहे," मी म्हटलं.

हात फडक्याला पुसत ते उठले.
"बिल काढा ते.
मी पत्र्याचं करून देतो."